आणखी दोन वर्षं इथेच

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईचा आवाज एकदम बारीक झाला, म्हणून सविस्तर लिहितेय. आणखी दोन वर्षं इथे थांबायला मी होकार कळवलाय. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही ‘राहा’ म्हणून मागे हळहळत बसला असता. उपकरण आत्ता कुठे नीट लागलंय, ते अर्ध्यावर सोडवत नाही.

आई, तुला किरणांची धास्ती आहे ना? आमच्या हेलियमच्या दिव्यातल्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या एका कणात, 21.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशात जेमतेम दोन-तीन. म्हणून हा प्रकाश रेणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढतो. पण तो काचेतून जात नाही, हवाही त्याला लगेच शोषून घेते. सगळं काम पोलादी बंद पेटीत, हवा उपसून चालतं. मी बाहेर पडद्यासमोर बसते. खोली उबदार आहे, झोप पुरेशी होते, जेवण चुकवत नाही.

बाबा, हिशेब तुम्हाला आवडेल. पाण्याच्या वाफेतून सुटलेल्या सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनपाशी 8.6 उरतात. 21.2 मधून ते वजा केले की 12.6, म्हणजे तो सोडवायला लागलेली किंमत. ही वजाबाकी आइन्स्टाइननी 1905 मध्ये मांडली. प्रकाश नुसता प्रखर करून भागत नाही, एकेका फोटॉनची ऐपत लागते. पडद्यावरच्या आलेखात त्या इलेक्ट्रॉनांचं टोक हळूहळू वर येताना मी जागची हलत नाही.

तुमच्या कुशीत रेडिओचा कान पिळत बसायचे, आठवतं? दूरची स्टेशनं रात्रीच का लागायची, ते आता सांगते. दिवसा सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यातला खालचा थर मध्यम लहरी गिळतो. सूर्य मावळला की तिथले इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जातात, थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात. तेव्हा तुम्ही मला झोपायला पिटाळायचात, मी मात्र डोळे मिटून ऐकत राहायचे.

आता माझं ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी रोज ठरल्या वेळी, बरं वाटलं तरी. आई, डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नकोस. माझ्या येण्याची वाट बघत तर मुळीच नको. रागावून नाही सांगत गं, लांब आहे म्हणून जीव लागून राहतो. मधल्या सुट्टीत मी येणारच आहे. तपासणीची तारीख घेतलीस की त्याच दिवशी मला कळव.

तुमची,
मनू