मार्सेलिसहून निघाल्यावर दत्ताला

जेनोवाच्या वाटेवर, बोटीवरून
१९ ऑगस्ट, रात्री

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितो आहे ते भूमध्य समुद्रातून, तेव्हा ही फुशारकी आहे असे तुला वाटणार. तसे नाही. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, गुडघा आपल्या मर्जीने वागतो. नलूवहिनींच्या वर्षश्राद्धाला मी आलो नाही, त्याबद्दल इथे लिहू लागलो तर पत्र तिथेच अडेल. आल्यावर समोर बसून बोलेन.

आज आमची बोट मार्सेलिसला लागली होती. एवढे वाचून तू चष्मा काढून पुसला असशील आणि पुढे काय येणार हेही ओळखले असशील.

सकाळी सातच्या सुमारास अर्णव आणि मी वरच्या डेकच्या कठड्याशी उभे होतो. बोट धक्क्याला घासून उभी होती आणि मधल्या पाण्याची पट्टी आपल्या शाळेच्या व्हरांड्याहून रुंद नसेल. लंडनच्या या बारा वर्षांच्या मुलाला मी फोनवरून कितीतरी रविवारी सावरकरांच्या उडीची ती गोष्ट सांगितली आहे : खवळलेला समुद्र, वरून गोळ्यांचा वर्षाव, तीन दिवस आणि तीन रात्री. त्याने खाली पाहिले, समोरच्या लांबलचक बांधाकडे पाहिले आणि अगदी सरळपणे विचारले, "आजोबा, इथे तीन दिवस पोहायला जागा कुठे आहे?" आणि चौतीस वर्षे इतिहास शिकवलेल्या तुझ्या या मित्राने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "तेव्हा असे बंदर नव्हते, बोटी दूर समुद्रात उभ्या राहत." मुलाने मान हलवली आणि खोलीत जाऊन ते वहीत लिहिले. सप्टेंबरमध्ये ही वही त्याला वर्गात वाचून दाखवायची आहे.

तुला १९७९ ची स्टाफरूम आठवते ना? मी प्रार्थनेच्या वेळी तेच भाषण ठोकून आलो होतो आणि गणूने आणलेला चहा सगळ्यांच्या हातात होता. तू खिशातून चार पाने काढलीस, मुंबईच्या ग्रंथालयातून हाताने उतरवून आणलेली, आणि सावरकरांच्या अटकेवरून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये झालेल्या वादावरचा हेगच्या लवादाचा निवाडा भूगोलाच्या मास्तराने इतिहासाच्या मास्तराला वाचून दाखवला. कैदी सावरकरांना हिंदुस्थानात आणणारी मोरिया बोट ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी मार्सेलिसला आली, ८ तारखेच्या सकाळी सहा ते सातच्या दरम्यान सावरकर निसटले, पोहून किनाऱ्याला लागले आणि धावू लागले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादाराने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेले आणि ९ तारखेला बोट सुटली. तीन दिवस बसवायचे कुठे, असे तू विचारलेस, आणि मी पेंडसे सरांच्या देखत तुला म्हणालो की तुला देशाभिमान नाही. पुढचे सहा महिने आपण एकाच बाकावर पाठीला पाठ लावून पेपर तपासले. (वेळापत्रकात मुद्दाम तुझ्या तासाला लागून माझा तास लावून घेतला होता, हेही आता सांगून टाकतो.)

ज्या रत्नागिरीत सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात पाहिलेली, ऐकलेली माणसे अजून ओट्यावर बसत होती, तिथे ही गोष्ट लहान करून सांगणे मला पाप वाटत होते. परंतु तुला न सांगितलेली बाब पुढेच आहे. तो निवाडा मी नंतर १९८६ मध्ये स्वतः वाचला. शब्द न् शब्द तू म्हणालास तसाच होता. ते कळूनही निवृत्तीपर्यंत दरवर्षी मी तीन दिवस आणि तीन रात्री तशाच सांगितल्या, कारण त्या वाक्याला मुले श्वास रोखत असत आणि जमादाराच्या वाक्याला मात्र कोणी श्वास रोखला नसता, अशी माझी खात्री होती.

उरलेला दिवस कसा गेला ते थोडक्यात सांगतो. मोठ्या बोटी शहराच्या बऱ्याच उत्तरेला लागतात, म्हणून बसने जोलिएतच्या जुन्या गोदीपर्यंत यावे लागते. बसच्या चालकाला मी मार्सेलिसच्या जुन्या बंदराबद्दल काही विचारले, तेव्हा त्याने मला स्वच्छतागृहाची दिशा दाखवली. इथे सगळे 'मार्सेय' म्हणतात. आपण दोघे जन्मभर ज्यावरून भांडलो त्या गावाचे नावही आपल्याला धड घेता येत नव्हते. जुन्या बंदरावर आरशाचे एक प्रचंड छत आहे, त्याखाली उभे राहून मान वर केली की सगळा परिवार उलटा टांगलेला दिसतो. सुमनला तिथे हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या सापडल्या, त्यांना पानीस म्हणतात. ही आपली पाटवडीच आहे, फक्त यांना फोडणी ठाऊक नाही, असा निकाल देऊन तिने दोन पुडे संपवले. टेकडीवरच्या मेरीमातेच्या देवळात, समुद्रात बुडता बुडता वाचलेल्या खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेल्या लहान लहान बोटी छताला टांगल्या आहेत. तिथे मला आणखी थांबायचे होते, परंतु साडेचारच्या आत बोटीवर परतायचे होते आणि सुमन सकाळपासूनच एस.टी. चुकणार असल्यासारखी घड्याळ पाहत होती.

परतीच्या बसला वेळ होता, म्हणून जोलिएतच्या धक्क्यावर मी एकटाच चाललो. ही गोदी १८५३ मध्ये तयार झाली. तेव्हा असे बंदर नव्हते या माझ्या सकाळच्या उत्तराचे तिथेच पाणी पाणी झाले. कोर्सिकाला जाणाऱ्या बोटी उभ्या होत्या आणि गोदामांच्या जागी दुकाने थाटली होती. मी पाचशे पावले मोजून चाललो, खिशात पैसे, पायांत बूट, गळ्यात बोटीचे कार्ड असे सगळे असताना. पोर्टहोलमधून अंग सोलवटून निघालेला, ओलाचिंब, फ्रेंच धड न येणारा सत्तावीस वर्षांचा माणूस अशाच दगडांवरून अनवाणी धावत असेल आणि पोलिसाला पाहून त्याला भीती नव्हे तर आशा वाटली असेल, कारण तो फ्रान्सच्या भूमीवर होता. आणि त्या पोलिसाने त्याला उलट्या पावली बोटीवर नेले. २४ फेब्रुवारी १९११ ला लवादाने म्हटले की त्या अटकेत नियमभंग झाला खरा, परंतु ब्रिटनवर कैदी परत देण्याचे बंधन नाही; तोवर इकडे त्यांना दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. पोहण्याचे सोड, धावणे शिकव, असे तू त्या दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाला होतास. मी ते टोमण्यात जमा केले होते.

आता अडचण अशी की अर्णवला काय सांगू? कितीशे मुलांना मी ते तीन दिवस दिले. त्यांतले निम्मे आता स्वतः बाप झाले आहेत आणि रात्री आपल्या मुलांना तेच सांगत असतील. त्यांच्यामागे कुठे धावू? पण हा एक तर समोरच्या पलंगावर झोपला आहे, वही उशाशी आहे आणि पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणजे खोडता येईल. दोनदा वहीला हात लावला. सुमन म्हणाली की चोरून खोडलेत तर ते दुसरे खोटे होईल. तिला हे सगळे आजच सांगितले. तिने फक्त विचारले की मग दत्ताभाऊजींशी सहा महिने अबोला कशासाठी धरला होता.

तुझ्या मोतीबिंदूचे झाले का? कोर्टातल्या वाटणीची तारीख पुन्हा पुढे गेल्याचे शरदने कळवले होते; नेटाने धर. चिपळूणच्या मुलीला आशीर्वाद सांग.

उद्या सकाळी जेनोवा. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याचे जन्मगाव म्हणून त्याचे घर पाहायला अर्णवला घेऊन जाणार आहे, आणि ज्या सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र मराठीत आणले त्यांच्याबद्दल तो पुन्हा विचारणारच. ती चार पाने अजून तुझ्याजवळ असतील तर परत आल्यावर मला त्यांची झेरॉक्स दे. मुलाला इंग्रजी माझ्याहून चांगले येते. त्याला पाने देऊन आपण बाजूला बसावे, असा माझा बेत आहे, आणि यातला भित्रेपणा तू लगेच हेरशील हे मला ठाऊक आहे. म्हणून उद्या नाश्त्याच्या वेळी, पाने येण्याआधीच, तोंडाने सांगून पाहतो.

तुझ्यासाठी इथला साबण घेतला आहे, बहात्तर टक्के तेलाचा छाप असलेला. सहा महिने पाठ फिरवून बसलेल्या माणसाकडून पाठ घासायला.

तुझा,
विनू