डावा पाय आधी

कोलोरॅडो स्प्रिंग्ज,
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जोड्या फिरताना पाहून आई म्हणाली, "काय करून रायला रे बापा तू तिथं?" तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि मी सुटलो. फोनवर सांगायला गेलो की बाबा मधेच कापसाच्या भावावर येतात, म्हणून लिहून सांगतो.

त्या नाचाला राउंड डान्स म्हणतात. जोड्या मोठ्या रिंगणात उभ्या राहतात आणि घड्याळाच्या उलट दिशेनं पुढे सरकतात. वॉल्ट्झ, टू-स्टेप, रुंबा, चा-चा असे बॉलरूमचेच प्रकार. फरक एवढाच, की बॉलरूममध्ये जो तो आपल्या मनानं नाचतो. इथे गाण्यागणिक पावलं कुणीतरी आधीच बसवून ठेवलेली असतात आणि सगळ्या जोड्या तीच पावलं एकदम टाकतात.

एवढं पाठ करायचं कसं? करायचंच नाही. माइकवर एक जण उभा असतो, त्याला क्यूअर म्हणतात. ठोका पडायच्या किंचित आधी तो पुढच्या पावलाचं नाव सांगतो. बाबा, गणपतीतल्या नाटकात तुम्ही विंगेतून वाक्यं पुरवायचे, तेच काम. लवकर बोललं तर नट गोंधळतो, उशिरा बोललं तर तोंडघशी पडतो. त्या माणसाला पाहिलं की मला तुमची कंदिलाजवळची वही आठवते.

पुरुषानं डावा पाय आधी टाकायचा, बाईनं उजवा. आईला बरं वाटेल, माप ओलांडतानाही उजवाच ना! क्यूअर पावलं सांगतो ती बहुतेक पुरुषाची. बाईनं त्याच्या उलट मनातच लावून घ्यायचं. सूनबाई म्हणाली, "यात नवीन काय?"

पहिल्या दिवशी मी उजवा पाय टाकला तो थेट तिच्या बोटांवर. रिंगणात पुरुष बहुधा आतल्या बाजूला, बाई बाहेरून. म्हणजे खळ्यातले बैल आठवा. तिवड्याजवळचा जागच्या जागी फिरतो, बाहेरच्याला मोठी मजल पडते. मी लांब ढांगा टाकत होतो आणि ती धावत होती. (बैलांचं तिला सांगू नका.) आता जमतं. या नाचाच्या सहा पायऱ्या आहेत, सहावी सगळ्यात अवघड. आम्ही दुसरीवर लोंबकळतो आहोत.

गंमत म्हणजे हे याच गावात रुजलं म्हणायला हरकत नाही. लॉइड शॉ नावाचे इथले एक शाळाप्रमुख मुलांना जुने अमेरिकन नाच शिकवायचे. 1939 मध्ये त्यांनी स्क्वेअर डान्सवर (चार जोड्या चौकोनात उभ्या राहून करतात तो नाच) पुस्तक लिहिलं, 1948 मध्ये राउंड डान्सवर. अजूनही स्क्वेअर डान्सच्या संध्याकाळी मधेमधे राउंड लावतात.

पण हे सगळं लिहायचं कारण वेगळंच. आमच्या हॉलमध्ये निम्मे लोक तुमच्या वयाचे. एक आजोबा काठी खुर्चीला टेकवून ठेवतात आणि बायकोचा हात धरून रिंगणात शिरतात. तुम्हा दोघांना हात धरून चालताना मी एकदाच पाहिलं, आईचा पाय मुरगळला होता तेव्हा नाल्यावर. तेही पलीकडे कुणी दिसताच बाबांनी सोडला.

फेब्रुवारीत येतोय. टू-स्टेपची चार पावलं शिकवीन. गुडघे दुखले तर चालत करायची, उड्या नाहीत. पुढच्या खोलीतला कापूस तोवर विकला नसेल तर अंगणात करू. लोक पाहतील म्हणत असाल तर दिवेलागणीनंतर.

बाबा, पावलांना वऱ्हाडी नावं तुम्हीच काढून ठेवा. मला "चाल, जोड, चाल" एवढंच सुचलं.

तुमचा,
बाळ्या