टेबले भंगारात काढण्याआधी टिचकी मारून पाहा

माननीय संपादक,
स. न.

आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयाची सहा टेबले ‘दुरुस्तीयोग्य नाहीत’ असा शेरा मारून निर्लेखनाच्या (भंगारात काढण्याच्या) यादीत घालण्यात आली आहेत. मी सुतारकाम करतो. ती टेबले मी उलटीसुलटी करून पाहिली. सांगाडे सागवानी आणि ठणठणीत आहेत. बिघडले आहे ते केवळ वरचे विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा. आलापल्लीच्या सागवानाचे कौतुक करणाऱ्या आपल्या मुलखात सागवानी टेबल किलोच्या भावाने जावे, हे मनाला पटत नाही.

शोभेच्या विनियरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन पोस्टकार्डांएवढा. कूलरच्या तोंडाशी असलेल्या दोन टेबलांचे पोपडे सर्वांत जास्त सुटले आहेत, आणि ते साहजिकच आहे: दिवसभर ओली हवा खाऊन लाकूड फुगते, कूलर बंद झाला की मे महिन्याच्या कोरड्या उकाड्यात आक्रसते. त्यात खालची बाजू कोरीच ठेवलेली, पॉलिशचा एक हातही नाही. त्यामुळे फळी खालून ओल पिते आणि वाकते.

तपासणीला यंत्र लागत नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात फुगवटे दिसतात आणि बोटाची टिचकी मारत गेले की जिथे डिंक सुटला आहे तिथे आवाज पोकळ येतो. अशा फुग्यावर धारदार पात्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चीर द्यावी, इंजेक्शनच्या सिरिंजने फेविकॉल आत सोडावा, वर प्लास्टिकचा कागद व सपाट फळी ठेवून रात्रभर वजन द्यावे. गरम इस्त्री फिरवण्याचा उपाय पांढऱ्या डिंकाने चिकटवलेल्या कामाला लागू पडतो. कारखान्यात दाबून आलेल्या प्लायचा डिंक इस्त्रीने पुन्हा धरत नाही. तुकडाच उडाला असेल तर ठिगळ चौकोनी न कापता होडीच्या आकाराचे कापावे, कारण रेषांना आडवा जाणारा सांधा कितीही रंगवला तरी डोळ्यांत भरतो.

या टेबलांची खरी हानी गेल्या वर्षीच्या ‘दुरुस्ती’नेच केली. त्या वेळच्या कंत्राटदाराने पट्ट्याचे घासयंत्र फिरवले आणि दोन कोपऱ्यांवर विनियर पार घासून खालचे प्लाय उघडे पाडले. वास्तविक १८० आणि मग २४० नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेने, हाताने फिरवणे पुरेसे होते. पाठोपाठ भर पावसाळ्यात लाखदाण्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, पॉलिश मारले. स्पिरिट उडताना हवेतली ओल पृष्ठभागावर धरली गेली आणि पॉलिश पांढुरके पडले. ते पाहूनच बहुधा टेबले कुजल्याचा समज झाला असावा.

संबंधितांना माझी विनंती एवढीच आहे की, निर्लेखनाआधी एखाद्या जाणत्या सुताराकडून टेबलांची तपासणी करवून घ्यावी आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात खालच्या बाजूच्या पॉलिशची बाब स्वतंत्रपणे लिहावी. सहांपैकी चार टेबले माझ्या अंदाजाने दोन दिवसांत उभी राहतील. कोपरे घासले गेलेल्या उरलेल्या दोनांना नवीन विनियर लावावे लागेल. तेही दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.

आपला,
एक सुतार, जि. चंद्रपूर