जबड्याचा सांधा म्हणजे दात नव्हे

संपादक महोदय,

जबड्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेचा मेडिक्लेम 'डेंटल ट्रीटमेंट' म्हणून नाकारला जातो आणि घरच्यांना पैशांसाठी धावाधाव करावी लागते. लहानपणी हनुवटीवर पडून सांधा जखडलेली मुले निफाड, सुरगाण्याहून नाशिकला येतात, तेव्हा त्यांना धड घासही घेता येत नसतो. याला दंतोपचार म्हणणे अन्यायाचे आहे.

विमा नियामकाच्या व्याख्येनुसार दात आणि दातांना आधार देणाऱ्या भागांवरचे उपचार म्हणजे दंतोपचार. कानापुढचा हा सांधा खालचा जबडा आणि कवटी यांना जोडतो, दातांना आधार देत नाही. तरी घोळ होतो. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत या विकारांचा कोड के०७.६ आहे आणि तो तोंडाच्या आजारांच्या गटात पडतो. त्यात सर्जन एमडीएस, म्हणजे दंतशास्त्रातले पदव्युत्तर पदवीधर. टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेला) शंका घ्यायला एवढे पुरते.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर नुसते 'टीएमजे पेन' (जबड्याच्या सांध्याचे दुखणे) लिहून भागत नाही. 'उजव्या टीएम सांध्याचे बोनी अँकिलोसिस, तोंड उघडणे ४ मिमी' असे स्वच्छ लिहावे; बोनी अँकिलोसिस म्हणजे हाड वाढून सांधा जखडणे. निरोगी प्रौढाचे तोंड साधारण ३५ ते ५० मिमी उघडते, त्यामुळे हा आकडाच बोलतो. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून काढलेला फोटो तारखेसह जोडावा. जखडलेल्या सांध्याला सीटी स्कॅन हवाच, नुसत्या ओपीजीवर (जबड्याच्या साध्या एक्स-रेवर) हाडाची वाढ नीट कळत नाही. सांध्यातली चकती सरकली असेल तर एमआरआय, शिवाय आधी कोणती औषधे, स्प्लिंट (दातांवर बसवायची पट्टी) किती काळ दिले याची नोंद. ऑपरेशन नोट्समध्ये बाजू, छेद, किती हाड काढले आणि ऑपरेशन टेबलावर तोंड किती उघडले हे यावे. प्लेट-स्क्रूचे स्टिकर आणि खरेदीचे बिल फाइलला लावावे.

त्याच वेळी अक्कलदाढ काढली असेल तर तिचे बिल वेगळे करा. एका ओळीपायी अख्खे बिल अडकते. अपघात असेल तर एमएलसीची (रुग्णालयातील पोलिस-नोंदीची) प्रत लागते. कोड बदलून फ्रॅक्चर दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये. सीटीपुढे ते टिकत नाही आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

सुईने सांधा धुण्याची प्रक्रिया ओपीडीत खुर्चीवर झाली तर साध्या पॉलिसीत पैसे मिळणे कठीण. ती डे-केअरमध्ये (२४ तास दाखल न राहता होणाऱ्या उपचारांत) बसते का, हे आधी लेखी विचारावे. पॉलिसीत हा सांधा नाव घेऊन वगळला आहे का, तेही पाहावे. शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याचे व्यायाम महिनोन्‌महिने चालतात. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरतात, तेव्हा फिजिओथेरपीची चिठ्ठी आणि पावत्या जपाव्यात.

क्लेम नाकारला तर पॉलिसीतले नेमके कलम लेखी मागा आणि कंपनीकडे तक्रार करा. उत्तर पटले नाही किंवा ३० दिवसांत आलेच नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

– एक वैद्यकीय बिलिंग कर्मचारी, नाशिक