कूलर बंद करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

परवा तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर.

बोटीबरोबर बुडालेल्या आजोबांचं ते मोडीतलं कार्ड वाचून घ्यायला मी तीन ठिकाणी जाऊन परत आलो होतो. एका साहेबांनी ते हातातही घेतलं नाही. "नागपुरात जहाज कुठून आलं जी?" दुसऱ्यांच्या लेखी बुडालेली बोट म्हणजे 'रामदास'च. ती 1947 ची, रेवसला जाणारी, हे सांगूनही पटेना.

तुम्ही कार्ड पाहिलं आणि आधी उठून कूलर बंद केला. भर मे महिन्यात! "ओलसर हवेनं शाई फुटते," एवढंच म्हणालात. मग दीड तास भिंगाखाली एकेक अक्षर. सदरा पाठीला चिकटलेला, घाम कार्डावर पडू नये म्हणून मान वाकडी. लोक माणुसकीवर भाषणं देतात, मी ती त्या दिवशी घामानं निथळताना पाहिली. बोटीच्या नावाशी अडलात, तेव्हा मी म्हटलं, आजी 'तिळव्याची बोट' म्हणायची. तुम्ही हसलात. "तिलावा! लढाईत बोटीचं नाव लिहिलंय बघा. पत्रं तपासणाऱ्या सेन्सॉरला मोडी येत नसावी."

नाव कळलं आणि पुढचं उलगडत गेलं. ब्रिटिश इंडिया कंपनीची दहा हजार टनांची आगबोट, 1924 ची. मुंबईहून आफ्रिकेकडे माल न्यायची आणि माणसंही. 23 नोव्हेंबर 1942 ला जपानी पाणबुडीनं दोन टॉर्पेडो मारले. 958 जणांपैकी 280 गेले. मोंबासाला कारकुनीसाठी निघालेले आजोबा त्यातले. बोटीतल्या 2364 चांदीच्या लगडी मात्र 2017 मध्ये समुद्राच्या तळातून वर आल्या, आणि त्या वर काढल्याच्या मोबदल्यावरून प्रकरण लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्या आजीला मरेपर्यंत कोणी दोन ओळी धाडल्या नाहीत.

कार्डातली शेवटची ओळ तुम्ही मोठ्यानं वाचली नाहीत. देवनागरीत ठळक लिहून, कागदाची घडी घालून दिलीत. "ही आईसाहेबांनाच वाचू द्या."

"मुलगी झाल्याचे कळले. बारसे माझ्यासाठी थांबवू नये."

ऐंशी ओलांडलेली माझी आई ती ओळ बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांना माहीत होतं."

कागद आता देवघरात आहे. कूलरपासून लांब.