शुभा, थकव्याबद्दल लिहितेय

सोलापूर,
१२ एप्रिल

प्रिय शुभा,

तुझं पत्र कालच मिळालं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान, सुजलेली बोटं, सगळं वाचलं. पण "नुसती आंघोळ केली तरी परत आडवं व्हावंसं वाटतं, हे कुणाला सांगू?" या ओळीवर मी थांबले. मला सांग. ल्युपसचं दुखणं घेऊन इतकी वर्षं काढल्यावर ती ओळ मला समजावून सांगावी लागत नाही.

तू आळशी झालेली नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. तुझा आजार वेगळा, माझा वेगळा, मूळ मात्र एकच: जंतूंशी लढायची ती प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, उठवत नाही, ते बरंचसं शरीर लढताना जी रसायनं सोडतं त्यांच्यामुळे. आपल्या अंगात ती लढाई थांबतच नाही. त्यात दुखण्याने झोप मोडते. आणि कधी रक्तातले ईएसआर, सीआरपी, म्हणजे अंगातली सूज किती ते दाखवणारे आकडे, छान खाली आलेले असतात, डॉक्टर खूश असतात, तरी आपल्याला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसावं लागतं. असं होतं. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून स्वतःवर संशय घेऊ नकोस.

पण सगळंच या आजाराच्या माथी मारू नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचार. यातलं काही कमी-जास्त असेल तर त्यावर इलाज आहे. मन सारखं उदास राहत असेल तर तेही सांग. स्टेरॉइड बहुधा सकाळी नाश्त्यानंतर देतात, उशिरा घेतलं तर झोप उडते. ते मनाने बंद मात्र कधीच करायचं नाही. आणि मेथोट्रेक्झेट, ही आपल्या आजारावरची गोळी, आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, हे घरात प्रत्येकाला सांगून ठेव. डब्यावर वार लिही. पुष्कळ जणींना त्या गोळीच्या दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं होतं, म्हणून वार ठरवताना पुढचा दिवस मोकळा बघ.

आता पाण्याचं सांगते. तुला आठवतच असेल, आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी यायच्या दिवशी हौद, पिंपं, कळश्या, गच्चीवरची टाकी, धुणं, फरशी, सगळं एकाच दमात उरकायची घराघरांत पद्धत. धडधाकट बाईसुद्धा त्या दिवशी पार थकून जाते. मी ते काम फोडलंय. टाकीची मोटर ह्यांच्याकडे. प्यायचं पाणी लेक गाळून भरते. मी हौदाशेजारी स्टूल टाकून बसते आणि पाइप एका पिंपातून दुसऱ्यात घालते, एवढंच. भरलेल्या कळशीला हात लावत नाही. धुणं दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी चूल पेटत नाही: डब्यात कडक भाकरी असते, शेंगाचटणी असते, दही असतं, आमटी आदल्या रात्रीची. आदल्या दिवशी बाहेरचं कुठलंच काम काढत नाही.

यात मी एकच गोष्ट पाळते, दमायच्या आधी थांबायचं. पोळ्या लाटताना हात जड व्हायला लागले की उरलेली कणीक झाकून पाठ टेकायची, झोप नाही लागली तरी. अंगात जोर आलाय असं वाटतं त्या दिवशी तर जास्तच जपायचं. त्याच दिवशी कपाटं उपसायची हौस येते आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात.

याचा अर्थ पडूनच राहायचं असा नाही बरं. नुसतं पडून राहिलं की स्नायू आणखी कमजोर होतात आणि थकवा वाढतो. मी कंबर तलावाकडे सकाळी १० मिनिटांपासून चालायला लागले, आणि झेपेल तसं वाढवत नेलं. तुझं अंग सकाळी आखडलेलं असणार, तेव्हा आधी गरम पाण्याने शेकून घे, मग नऊ-दहाला नीघ. सांधा सुजलेला असेल तर त्या दिवशी त्याला ताण देऊ नकोस. मला उन्हाचीही धास्ती, ऊन लागलं की ल्युपस उसळतो, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. मंडई सकाळी लवकर, नाहीतर दिवेलागणीला.

यंदा भोगीला सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षतेसाठी, सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नासाठी, देवळाजवळच्या संमती कट्ट्याला गेले नाही. भर दुपारचं ऊन, ती गर्दी, तासन्‌तास उभं राहणं. मावशीच्या गॅलरीतून मिरवणुकीतले उंच नंदीध्वज जाताना पाहिले, तिथूनच सिद्धरामेश्वरांना हात जोडले. लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतं, फार रडू आलं शुभा. पण संक्रांतीला संध्याकाळी घरी आलेल्या प्रत्येकाला तिळगूळ माझ्या हाताने दिला.

लोक बोलणारच. "दिसायला तर चांगली दिसायलीस की!" हे मी अजून ऐकते, आणि अजून लागतं. घरच्यांना मात्र "बरं वाटत नाही" एवढंच सांगून भागत नाही, त्यातून त्यांना काही उमगत नाही. "आज भाजी करते, भांडी होणार नाहीत" असं सरळ सांग. सासूबाईंना पहिल्यांदा असं सांगताना जीभ अडखळली होती. आता त्याच सकाळी विचारतात, "आज काय काय झेपेल?"

हे पत्र भाऊजींना वाचायला दे. पुढच्या तपासणीला थकव्याचं आधी सांग, सांध्यांचं मागाहून. डॉक्टर आपणहून विचारतील म्हणून वाट बघू नकोस. पाऊस सुरू झाला की मी पुण्याला येते. आल्या आल्या दोघी पंखा लावून झोपू, गप्पा संध्याकाळी.

तुझीच,
मंगल