खाणीसाठी तोडलेले लाकूड पावसात सडू देऊ नका

महोदय,

सिंधुदुर्गात खाणींवरून वाद होतात ते डोंगर आणि पाण्यासाठी, आणि ते व्हायलाच हवेत. पण सरकारी जंगल खाणीला दिल्यावर तुटलेल्या झाडांचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली जमीन वळती झाली, तरी त्यावरचे लाकूड खाणवाल्याचे होत नाही. वनखात्याने गोलाई मोजायची, हातोड्याची खूण मारायची, आगारात नेऊन लिलाव करायचा, ही रीत.

मात्र मे महिन्यात तोड झाली आणि ओंडके उघड्यावर राहिले, की मृगाच्या पावसात नासाडी सुरू. मी सुतारकाम करतो. असा ऐन झाडाचा ओंडका करवतीखाली आला, की गाभा शाबूत निघतो. पण कडेचा पांढरा भाग वाळवीने खाल्लेला, भुशासारखा हातात येतो. किंजळीचा सरळ, जाड सोट वाढायला माणसाचे आयुष्य जाते हो!

तेव्हा पावसाआधी लिलाव उरकेल अशा बेताने तोड ठरवावी. झाडांची जातवार यादी गोलाईसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. लहान लॉटही ठेवावेत, म्हणजे बाहेरच्या बड्या व्यापाऱ्यांबरोबर इथले सुतार आणि होडी बांधणारेही बोली लावतील. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना लागणारा पांगारा जळाऊच्या ढिगात टाकू नये. आणि जळाऊ उरेल, ते आधी त्याच गावच्या स्मशानभूमीला द्यावे.

– एक सुतार, सावंतवाडी